उरणच्या झडपा: उघाडीपासून तेलवाहिनीपर्यंत

उरण तालुका रायगड जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, मुंबई बंदराच्या समोर वसलेला आहे. त्याच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला करंजाची खाडी आणि उत्तरेला न्हावा-शेव्याचा किनारा असून मूळ उरण हे पूर्वी बेटच होते. भोवतालच्या दलदलीत बांध घालून, भरतीचे पाणी बाहेर ठेवून, पिढ्यान् पिढ्यांच्या कष्टाने तेथे भातखाचरे आणि मिठागरे उभी राहिली. याच तालुक्यात १९७८ पासून मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राचे तेल आणि नैसर्गिक वायू समुद्रतळावरील नळांतून किनाऱ्याला लागतात. खारबांधाच्या तोंडाशी झुलणारी लाकडी फळी आणि तेलप्रकल्पातील पोलादी व्हॉल्व्ह यांच्या घडणीत व किमतीत कितीही अंतर असले, तरी दोहोंपुढे एकच प्रश्न असतो: राखणीला माणूस हजर नसताना, किंवा हजर असूनही त्याच्या हातात काही उरले नसताना, प्रवाहाने काय करावे हे कोणी ठरवायचे? झडपांच्या शोधांचा इतिहास बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे, आणि त्यांतील बहुतेक उत्तरे उरणच्या पाच-सात कोसांत पाहायला मिळतात.

द्रव आणि वायू यांना अभियांत्रिकीत मिळून प्रवाही पदार्थ म्हणतात आणि त्यांच्या वाटेत बसवलेल्या, उघडता, मिटता किंवा अर्धवट ठेवता येणाऱ्या अडसराला झडप, रूढ शब्दात व्हॉल्व्ह. तिचे मूळ आकार थोडेच आहेत. प्रवाहाला आडवी उतरणारी पाती, बैठकीवर दाबून बसणारी चकती, नळाच्या मध्यावर फिरणारी थाळी, आरपार भोक पाडलेला फिरता गोळा आणि बिजागरीवर झुलणारे पान, एवढ्यांत जगातील बहुसंख्य झडपा मोडतात. त्यांतले काही आकार फार जुने आहेत. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई नगरातील नळयोजनेत भोक पाडलेल्या फिरत्या खुंटीचे काशाचे नळ सापडले असून त्यांची रचना आजच्या नळाच्या चावीहून फारशी निराळी नाही. म्हणजे आकार हाती लागायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो झडप आपली आपण, योग्य वेळी आणि योग्य बाजूने हलावी हे साधायला.

खारभूमीतील उघाडी हे त्या स्वयंचलनाचे साधे आणि अत्यंत बुद्धिमान उदाहरण आहे. खोपटे, आवरे, पुनाडे, वशेणी यांसारख्या खाडीकाठच्या गावांची भातशेती उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते, कारण या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाचे पाणी भरती-ओहोटीच्या तक्त्यातील शून्य पातळीपेक्षा पाच मीटरच्या आसपास चढते. हे पाणी अडवण्यासाठी खाडीच्या बाजूने चिखलमातीचा आणि दगडाचा बाहेरकाठा, म्हणजे बाहेरचा मुख्य बांध घातलेला असतो. पण नुसता बांध घातला, तर पावसाळ्यात आतल्या शेतात साचलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहणार नाही आणि शेत समुद्राऐवजी पावसाने बुडेल. म्हणून बांधात ठिकठिकाणी पक्की मोरी बांधून तिच्या खाडीकडील तोंडावर वरच्या बाजूने बिजागरीवर टांगलेली झडप बसवतात, आणि या सबंध बांधकामाला उघाडी म्हणतात. भरती चढू लागली की खाडीचे पाणी झडपेला बाहेरून दाबते व ती चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला खाडीची पातळी शेतातल्या पाण्याच्या खाली गेली की आतले पाणी तिला बाहेर ढकलून वाहू लागते. एक चौरस मीटर आकाराच्या, पूर्णपणे बुडालेल्या झडपेच्या दोन्ही अंगांच्या पाण्यात केवळ एक मीटर उंचीचा फरक पडला, तरी तिच्यावर सुमारे एक टन भार येतो, त्यामुळे ती मिटायला चाक, साखळी किंवा माणूस काहीच लागत नाही. ज्या पाण्याला अडवायचे, त्याच्याच बळावर त्याला अडवले जाते. हृदयातील झडपा, विहिरीवरच्या पंपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह आणि तेलवाहिनीतील एकदिशा झडप या सर्वांचे तत्त्व हेच आहे.

या रचनेच्या मर्यादाही तिच्या तत्त्वातूनच निघतात. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर उघाडी मिटलेली राहते व पाणी आत तुंबते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि त्यातला जेमतेम निम्मा वेळ पाणी बाहेर पडू शकते, म्हणून मोरीची रुंदी त्या थोड्या तासांत साचलेले सगळे पाणी निघून जाईल अशा हिशेबाने धरावी लागते. दुसरी मर्यादा अधिक घातक आहे. झडपेच्या बैठकीत तिवराची फांदी, दगड किंवा अलीकडे प्लॅस्टिकची बाटली अडकली, बिजागरी गंजली किंवा लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांनी फळी खाल्ली, तर उघाडी उघडीच राहते, आणि शेताच्या दृष्टीने नेमकी हीच स्थिती धोक्याची असते. बांधाला पडलेली खांड, म्हणजे भगदाड, लांबून दिसते. नादुरुस्त झडप मात्र उधाणाचे खारे पाणी शेतात शिरेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एकदा खारे पाणी शिरले की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन हंगाम जमीन नापीक राहू शकते. म्हणूनच खारेपाटात, म्हणजे या खारभूमीच्या पट्ट्यात, बांध आणि उघाड्यांची दुरुस्ती हे पूर्वी गावाने मिळून करायचे काम होते व त्या सामुदायिक व्यवस्थेला जोळ म्हणत. पुढे १९४८ चा मुंबई खारभूमी कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम यांनी ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात शासकीय यंत्रणेकडे नेली. निधी वाढला, सिमेंट आले, लोखंडी झडपा आल्या. परंतु रोजच्या ओहोटीला उघाडीच्या तोंडातला गाळ काढणारा माणूस कोणत्याही अंदाजपत्रकात सहजासहजी बसत नाही, ही या बदलाची उणी बाजू मानावी लागेल.

उघाडीचे काम पाणी बाहेर काढण्याचे, तर मिठागरातील दाराचे काम पाणी आत घेण्याचे आहे, आणि तेथे स्वयंचलित झडप उपयोगी पडत नाही, कारण किती पाणी, केव्हा आणि कोणत्या वाफ्यात घ्यायचे हे सतत ठरवावे लागते. उधाणाला आत घेतलेले समुद्राचे पाणी आधी मोठ्या साठवण वाफ्यात तापते, मग उथळ वाफ्यांतून पुढे सरकत घट्ट होत जाते. ही घट्टता बोमे नावाच्या मापाने मोजतात: समुद्राचे पाणी सुमारे तीन ते साडेतीन अंश बोमे असते, वाटेत जिप्सम खाली बसते, २५ अंशांच्या आसपास मिठाचे दाणे धरू लागतात आणि २९-३० अंशांनंतर उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार वाढतात, म्हणून ते वेळीच सोडून द्यावे लागते. प्रत्येक टप्प्यावर मातीचे तोंड फोडायचे किंवा फळी उचलायची आणि पुन्हा लिंपायची, एवढीच कृती असली, तरी ती चुकीच्या वेळी झाली तर मीठ कडू होते. रासायनिक कारखान्यात मापकयंत्र आणि नियंत्रक झडप मिळून जे करतात, तेच आगरी मिठागरकऱ्यांनी पाण्याचा रंग व दाणे कसे धरतात हे पाहून केले आहे.

माणसाच्या निर्णयाला पूरक असे स्वयंचलन युरोपात आले ते वाफेच्या भीतीतून. फ्रेंच संशोधक देनी पापँ याने लंडनमध्ये बंद भांड्यात वाफेच्या दाबाने हाडे मऊ करण्याचे यंत्र तयार केले व १६८१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भांडे फुटू नये म्हणून त्याने झाकणातील छिद्रावर तरफेने वजन टेकवले, जेणेकरून दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाफ वजन उचलून निसटावी. प्रेशर कुकरची शिटी ही थेट त्याच कल्पनेची वारस. पुढे आगगाड्यांच्या इंजिनांवर अशा सुरक्षा झडपा बसल्या, तेव्हा अधिक जोर मिळावा म्हणून काही चालक त्या आवळून ठेवू लागले आणि बॉयलर फुटू लागले. त्यावर जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याने १८५५ च्या सुमारास दोन झडपा एकाच स्प्रिंगने व तरफेने जोडून अशी रचना केली, की तरफ दाबून एक झडप आवळू गेल्यास दुसरीवरचा भार हलका व्हावा. झडपेला केवळ दाबापासूनच नव्हे, तिच्या राखणदारापासूनही वाचवावे लागते, ही जाणीव या शोधात प्रथम इतकी स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात या परंपरेतील उल्लेखनीय शोध खडकवासल्याचा आहे. मूळचे म्हैसूर संस्थानचे, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात काम करणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याच्या फाइफ तलावाच्या सांडव्यावर १९०३ मध्ये स्वयंचलित दारे बसवली. धरणाची भिंत न वाढवता पाणीसाठा वाढवायचा, तर सांडव्यावर दारे लावावी लागतात. पण रात्री-अपरात्री पूर आला आणि दारे उघडायला कोणी पोहोचले नाही, तर धरणच धोक्यात येते. विश्वेश्वरय्यांच्या रचनेत पाणी ठरावीक पातळीवर चढले की त्याच्याच बळाने व प्रतिभारांच्या साहाय्याने दारे उघडत आणि पातळी उतरली की पुन्हा मिटत. त्यांनी या दारांचे पेटंट घेतले, तरी स्वतःच्या खात्याकडून त्याबद्दल मोबदला घेतला नाही. ही दारे पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघ्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही वापरली गेली. उघाडीप्रमाणेच येथेही निर्णय पाण्यावर सोपवला होता. फरक एवढाच की उघाडी दोन पातळ्यांची तुलना करते, तर खडकवासल्याचे दार एका आखून दिलेल्या पातळीची वाट पाहते.

उरणच्या औद्योगिक झडपांची कथा मात्र समुद्रात सुरू होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचे तेल शोधले, २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले आणि दोन वर्षांतच तेलासाठी ३० इंच व वायूसाठी २६ इंच व्यासाच्या, प्रत्येकी सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या वाहिन्या उरणपर्यंत टाकण्यात आल्या. तेलविहिरीचे मुख्य भय म्हणजे भूगर्भातील दाबाने ती बेलगाम उसळणे. या भयावर अमेरिकेत टेक्सासमधील जेम्स ॲबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमरॉन यांनी १९२२ मध्ये उपाय काढला. विहिरीच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी जाड पोलादी जबडे बसवून, प्रसंग आल्यास ते खोदकामाच्या नळीभोवती आवळून विहीर बंद करण्याची ही योजना होती. उत्पादन सुरू झालेल्या विहिरीवर यापेक्षा वेगळी, अधिक शांत व्यवस्था असते. विहिरीच्या नळीत, समुद्रतळाच्याही खाली, एक सुरक्षा झडप बसवलेली असते, जिला वरून नियंत्रणनळीतील तेलाच्या दाबाने सतत उघडी धरून ठेवावे लागते. समुद्रातील उत्पादन-फलाटावर आग लागली, ही नळी तुटली किंवा यंत्रणा बंद पडली की हा दाब जातो आणि स्प्रिंग झडप मिटवते. अशा झडपेला बंद होण्यासाठी आज्ञा लागत नाही, आज्ञेचा अभाव पुरतो. बिघाडाची दिशा आधीच निवडून ठेवण्याचे हे तत्त्व आधुनिक प्रवाहनियंत्रणातील सर्वांत मोलाची कल्पना म्हणता येईल, आणि त्या दृष्टीने पाहिले तर उघाडीची उणीव कोणती हेही समजते: तिची मोडतोड झाली की ती नको त्या दिशेने मोकळी होते.

अर्थात झडप आपल्या मागे जे आहे तेवढेच रोखू शकते. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ या फलाटावर ‘समुद्र सुरक्षा’ हे सहायक जहाज आदळले, समुद्रतळावरून फलाटावर चढणाऱ्या वायूच्या उभ्या नळाला इजा झाली, गळालेल्या वायूने पेट घेतला आणि फलाट काही तासांत नष्ट झाला. या दुर्घटनेत २२ जणांचा बळी गेला. उभ्या नळाच्या वरच्या टोकाला झडप असली, तरी नळ तिच्या खाली फुटल्यास वाहिनीत साठलेला वायू बाहेर पडत राहतो. उत्तर समुद्रात ६ जुलै १९८८ रोजी ‘पायपर अल्फा’ फलाट जळून १६७ माणसे दगावल्यावर ब्रिटनने अशा नळांवर आपत्कालीन झडपा सक्तीच्या केल्या होत्या, आणि महत्त्वाच्या वाहिन्यांवर फलाटापासून काही अंतरावर, थेट समुद्रतळाशी आणखी एक झडप ठेवण्याची पद्धतही त्यानंतर रूढ होत गेली. झडप कोणत्या प्रकारची असावी याइतकाच ती कोठे असावी हा प्रश्न निर्णायक ठरतो.

लांब वाहिनीवर झडप किती वेगाने मिटावी हाही प्रश्न असतो. वाहते पाणी एकाएकी अडवले की त्याचा वेग दाबात बदलतो आणि तो दाब लाटेसारखा नळातून मागे धावतो; घरातला नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत होणारा ठोका हे त्याचे सौम्य रूप. या जलाघाताचे गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की याने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून १८९८ मध्ये मांडले. पोलादी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी क्षणात थांबवले, तर वातावरणाच्या दाबाच्या दहा-बारा पट जादा दाब उद्भवतो. दाबाची लाट सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने धावते असे धरले, तर उरणपासून मुंबई हायपर्यंत जाऊन परत यायला तिला सहा-सात मिनिटे लागतील; म्हणून किनाऱ्यावरची मोठी झडप किती वेळात मिटते, याचा विचार दोनशे किलोमीटरवरच्या पंपासह करावा लागतो. या वाहिन्यांत पूर्ण व्यासाच्या, गोळ्याच्या झडपा सोयीच्या पडतात, कारण त्या उघड्या असताना वाटेत काहीच आडवे येत नाही आणि नळ आतून साफ करणारे, या धंद्यात पिग म्हणून ओळखले जाणारे दट्टे त्यांतून सरळ निघून जातात. गोळ्याची कल्पना जुनी असली तरी तो गळतीशिवाय बसावा यासाठी गुळगुळीत बैठक हवी होती. ती १९३८ मध्ये सापडलेल्या टेफ्लॉनने दुसऱ्या महायुद्धानंतर मिळवून दिली.

उरणच्या प्रकल्पात पोहोचल्यावर तेल स्थिर केले जाते, वायूतून स्वयंपाकाचा गॅस, इथेन-प्रोपेन आणि नॅफ्था वेगळे केले जातात. पुढे कच्चे तेल ट्रॉम्बेच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे, इथेन-प्रोपेन नागोठण्याकडे आणि वायू थळच्या खत कारखान्याकडे व उरणच्या वायुविद्युत केंद्राकडे जातो. या सर्व वाटांवर नियंत्रक झडपा असतात, ज्या पूर्ण उघड्या किंवा बंद क्वचितच असून मापकयंत्राच्या संकेतानुसार सतत थोड्या थोड्या सरकत राहतात. अमेरिकेतील विल्यम फिशर याने १८८० मध्ये पंपाचा दाब आपोआप स्थिर ठेवणारे साधन केले, तेव्हापासून ही शाखा वाढली. अपघाताच्या वेळी तिची कसोटी लागते. ३ सप्टेंबर २०१९ रोजी या प्रकल्पातील पावसाळी पाण्याच्या निचरा वाहिनीत आग लागून चार जणांचा मृत्यू झाला, त्यांत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशमन जवानही होते. त्या वेळी उरणकडे येणारा वायू गुजरातमधील हजिरा प्रकल्पाकडे वळवण्यात आला. आगीच्या ठिकाणापासून दूरवर काही झडपा मिटल्या आणि काही उघडल्या, म्हणूनच हे शक्य झाले.

या साखळीची शेवटची कडी बहुतेक घरांत आहे. भेंडखळच्या बाटलीभरण केंद्रातून निघणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या तोंडाशी स्प्रिंगची स्वयंमिट झडप असते; रेग्युलेटरची पिन तिला खाली दाबते तेव्हाच गॅस बाहेर येतो आणि रेग्युलेटर काढला की ती मिटते. सिलिंडरच्या आत वायू दर चौरस सेंटिमीटरला काही किलो दाबाखाली असतो, तर शेगडीकडे तो अवघ्या ३० ग्रॅम दाबाने सोडला जातो.

शेतीच्या उघाडीला आता शहराचे शेजारपण लाभले आहे. सिडकोने नवी मुंबई वसवताना नेदरलँड्सच्या धर्तीवर सखल भागांत धारण तलाव केले. भरतीच्या वेळी झुलत्या झडपा मिटून खाडीचे पाणी बाहेर राहते, शहरातले पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला बाहेर पडते. उरणचे द्रोणागिरी उपनगर याच पद्धतीवर आधारलेले असून झडपांत गाळ आणि तिवरे माजली की तेथे पाणी साचते. उलट उरणमधल्याच पाणजेच्या पाणथळीत भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्याची तक्रार मच्छीमार आणि पक्षीनिरीक्षक यांनी केली असून तो वाद शासन आणि हरित लवाद यांच्यापर्यंत गेला आहे, कारण समुद्राचे पाणी येणे थांबले की तिवरे सुकतात, मासळी जाते आणि हिवाळी पाणपक्ष्यांचे खाद्य संपते. पूर्णपणे मिटणारी झडप शेताला तारते आणि पाणथळीला मारते. हा पेच सोडवण्यासाठी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये स्वयंनियामक भरती-दारे वापरात आली आहेत. त्यांच्या झडपेला तरंगा जोडलेला असतो, त्यामुळे भरतीचे पाणी ठरावीक पातळीपर्यंत आत येऊ दिले जाते आणि तेवढे चढले की तरंगा झडप मिटवतो. यंत्र म्हणून हे दार उघाडी आणि खडकवासल्याचे दार यांच्या मधोमध बसते व उरणच्या कारखान्यांत सहज बनू शकेल. तरंग्याची उंची मात्र भातशेतकऱ्याला जितकी खाली तितकी हवी असते, कोळंबी धरणाऱ्याला जितकी वर तितकी, आणि द्रोणागिरीच्या रस्त्यांना पावसाळ्यात एक तर हिवाळ्यात दुसरी पातळी चालते. म्हणून अशा दारांचे तरंगे हंगामानुसार वर-खाली बांधता येतील अशी सोय ठेवतात, आणि ते कोणी, कोणत्या महिन्यात बदलायचे हे दार बसवण्यापूर्वीच लिहून घ्यावे लागते.